सरासरीत हरवलेला हवालदार

"तुमच्याकडे काय बाबा, माणसांपेक्षा पोलीस जास्त!" मी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा आहे म्हटलं की पुण्यात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. (पाठोपाठ 'रोज वाघ दिसतो का रे?' हेही येतंच. असो.) गंमत म्हणजे गडचिरोलीपुरतं बोलायचं तर यात थोडं तथ्य आहे. आणि तिथेच सगळी गोची आहे.

आपण आयटीवाले आकड्यांवर जगतो. सर्व्हरचा सरासरी लोड ३० टक्के दिसतोय म्हणून निवांत बसावं आणि नेमका तेव्हाच एक बिचारा सर्व्हर १०० टक्क्यांवर धापा टाकत असावा, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पोलिसांच्या मनुष्यबळाचंही तसंच. लाख लोकांमागे किती पोलीस, असा हिशोब सगळीकडे मांडतात. गडचिरोलीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १० लाख ७२ हजार, क्षेत्रफळ मात्र १४,४१२ चौरस किलोमीटर. ज्यातून हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा निघाला त्या चंद्रपुरात याहून कमी जागेत २२ लाख माणसं राहतात. म्हणजे डोकी मोजली तर पोलीस भरपूर, आणि जंगल मोजलं तर चित्रच बदलतं.

शिवाय हे मनुष्यबळ वाढलं ते सिग्नल सांभाळायला नव्हे. नक्षल्यांशी लढण्यासाठी १९९० मध्ये सी-६० उभं राहिलं. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून ४८ पोलीस गेले. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. ते खाजगी गाडीतून चालले होते. कुठली गाडी, कुठला रस्ता, आधी रस्ता तपासला होता का... निधी आणि साधनांचे प्रश्न आमच्याकडे असे जिवावर येतात. त्यामुळे 'इतके पोलीस कशाला' असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण आमच्या आलापल्लीकडच्या मामांचा प्रश्न वेगळा आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक त्यांच्या रस्त्याने धावतात. अपघात होतात, माणूस जातो, मग चक्काजाम. मामा म्हणतात, "बापू, बंदूकवाले बंदोबस्ताला पाहिजे तेवढे. शिट्टीवाला दाखव एखादा!" चंद्रपुरात सुरजागडच्या ऐवजी कोळशाचे ट्रक, बाकी प्रश्न तोच. वर दारूबंदीचं ओझं. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. जो हवालदार नाक्यावर डिक्की तपासतो, तोच सणाच्या बंदोबस्ताला आणि तोच मंत्र्यांच्या दौऱ्याला. उरलेल्या वेळात वाहतूक!

बरं, 'पोलीस आपल्या तिजोरीसाठी पावत्या फाडतात' हाही एक लाडका समज. नियमाने घेतलेला दंड ठाण्याच्या तिजोरीत जात नाही, सरकारजमा होतो. म्हणजे एखाद्या ठाण्याने कितीही ई-चलान केले तरी त्या पैशातून त्याला एक जास्तीचा शिपाई मिळत नाही.

मग गाड्या, कॅमेरे कुठून येतात? गृहखात्याकडून, आणि बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीकडून. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. आता गडचिरोली बघा. गृहमंत्री असतानाच आर. आर. पाटील इथले पालकमंत्री होते. जानेवारी २०२५ मध्ये देवेंद्र फडणवीसांनी पालकमंत्रीपद घेतलं तेव्हा ते मुख्यमंत्रीही होते आणि गृहमंत्रीही. याचा फायदा खरा आहे, फाईल अडत नाही. पण आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिणारा आणि कोड तपासणारा एकच झाला. माणूस कितीही चांगला असो, ही पद्धत आपण ऑफिसात चालवून घेत नाही.

सुप्रीम कोर्टाने २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं होतं. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यात जिल्ह्याऐवजी महसूल विभाग धरला. म्हणजे आमच्यासाठी नागपूर. भामरागडच्या माणसाने तीनशेहून जास्त किलोमीटर जाऊन तक्रार करायची. जाईल का हो तो?

राहिला माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक कार्यालयाने आपले कर्मचारी आणि अंदाजपत्रक न मागताच जाहीर करावं. गट्टा किंवा वांगेतुरीच्या ठाण्यात जवान किती, हे जगजाहीर होऊ नये, मान्य. त्याने कोणाचा तरी जीव जाईल. पण वाहतूक शाखेत मंजूर पदं किती, भरलेली किती, वेग मोजायची यंत्रं किती, यात कसलं आलंय गुपित? जंगलातल्या ठाण्याची गुप्तता चौकातल्या शिपायाला का लावायची?

हे आत्ताच विचारायला हवं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. नक्षलवाद संपवायला केंद्राने ३१ मार्च २०२६ ही मुदत ठरवली होती. नक्षलग्रस्त भागाच्या सुरक्षेवर होणाऱ्या खर्चाची भरपाई केंद्र राज्याला देतं. बंदुकीची गरज ओसरली की हा पैसा आणि ही पदं जातील, की त्यातली थोडी रस्त्यावर उतरतील? आपण विचारलं नाही तर हे मुंबई-दिल्लीत परस्पर ठरेल.

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, आणि आपल्या राज्यात तो १५० शब्दांत बसवावा लागतो. या वीकांताला मी दोन अर्ज लिहिलेत, एक चंद्रपूरच्या पोलीस अधीक्षकांना, एक गडचिरोलीच्या. दोन्हीत प्रश्न एकच: वाहतुकीसाठी मंजूर पदं किती आणि प्रत्यक्षात माणसं किती?