लग्नाआधीचा संसार

संस्कृत साहित्यशास्त्राने विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहात वाढणाऱ्या प्रेमाचे, पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार मानले आहेत. मराठी प्रेमकथेने मात्र ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांपासून आजच्या दूरचित्रवाणी मालिकांपर्यंत बहुतांशी पहिल्या दोहोंवरच निर्वाह केला आहे. पूर्वराग म्हणजे मीलनापूर्वीची ओढ आणि मान म्हणजे रुसवा. ओढ लागते, गैरसमज होतो, तो फिटतो आणि अंतरपाट दूर झाला की लेखक लेखणी खाली ठेवतो. लग्न प्रेमाच्या शेवटी येते आणि संसार लग्नानंतर सुरू होतो, हे या रचनेचे गृहीतक होय.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली समाजात ते टिकत नाही. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून तेथे अनेक जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्न पैसा जमेल तेव्हा, कधी मुले मोठी झाल्यावरही, लावतात. लागते तेव्हा मात्र ते विधिपूर्वक लागते: सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नचौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी स्त्री, विधी चालवते. ज्यांनी दहा वर्षे एका चुलीवर काढली त्यांना हा विधी नेमके काय देतो, हे उमगल्याखेरीज येथील प्रेमकथा लिहिता येत नाही.

या प्रश्नाला काळोखी बाजूही आहे. लग्नासाठी जमीनदार-सावकाराचे कर्ज घेणारा तरुण फेडीपोटी त्याचा वेठबिगार होई आणि त्याच्याबरोबर बायकोही राबे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरी भागातील झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला, त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात आहे. जेथे लग्न म्हणजे दोघांची गुलामी, तेथे लग्न न लावणे हीसुद्धा एकमेकांची काळजी ठरू शकते. मराठी कादंबरीने या शक्यतेकडे पुरेसे पाहिलेले नाही. शहरातून येणारा लेखक तारप्याचा नाच आणि चांदणे तेवढे उचलून नेतो.

प्रस्तुत लेखकानेही तेच केले. त्याच्या कादंबरीतील खलाशी आणि त्याची बायको प्रथम तारप्याच्या नाचातच भेटली, कारण पहिली भेट लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही, हा त्याचा जुना अभिमान होता. तलासरीकडच्या एका विद्यार्थिनीने हस्तलिखित वाचून एवढेच विचारले: ‘सर, माणूस बोटीवर गेला की घरात त्याचं काय उरतं, ते यात कुठंय?’

पावसाळा सरता या तालुक्यांतील अनेक पुरुष गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात; त्यांतले काही सागरी हद्दीपाशी पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. शास्त्रकारांचा ‘प्रवास’, म्हणजे परगावी गेल्याने येणारा विरह, तो हाच, आणि नाचाच्या प्रसंगात गुंतलेल्या लेखकाला तो दिसला नव्हता.

तेव्हापासून एकच प्रसंग त्याला सुटत नाही: हंगाम संपवून परतलेला खलाशी, साठवलेला पैसा, शेजारी निजलेली तीन मुले, आणि उद्या लग्न, त्या रात्री ही दोघे काय बोलतील? पहिल्या खर्ड्यात ती रडली, ते अश्रू चित्रपटातले होते. दुसऱ्यात दोघेही गप्प राहिली. परंतु मराठी गद्यात मौन हा पुष्कळदा लेखकाचा आळस असतो. तिसऱ्यात ती मांडवाचा, तांदळाचा हिशेब करत बसली आणि त्या ओघात कुडाची भिंत पडली तेव्हाचा, मुलाच्या तापातला खर्चही सांगू लागली, जो तो प्रथमच ऐकत होता. हा खर्डा सर्वांत जवळ पोचला, कारण घरात त्याचे काय उरले होते ते त्या आकड्यांतून बोलू लागले होते. तरीही शेवटी लेखकाला मोह आवरला नाही आणि त्याने तिच्या तोंडी एक सुंदर वाक्य घातले, जे तिचे नव्हते, त्याचे होते. ते वाक्य खोडायला त्याला चार महिने लागले.

पहिल्या भेटीचे प्रकरण, ज्याची सर्वांत अधिक स्तुती झाली होती, हस्तलिखितातून काढून टाकले आहे. लग्नाच्या आदल्या रात्रीचे अजून पूर्ण झालेले नाही.