जिन्याखालचा डबा

टिळकवाडीतल्या आमच्या घरी जिन्याखाली एक काळा डबा घुमत असतो. आत ४ टीबीच्या चार डिस्क. एकीएवढी जागा सुरक्षेपायी जाते, वापरायला उरतात १२ टीबी. एक डिस्क मेली तरी काही जात नाही, हे मी पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवायचो. गेल्या पावसाळ्यात खरंच एक मेली. नवी घातली, सकाळपर्यंत सगळं जागेवर. माझी छाती फुगली!

दिवाळीच्या आवराआवरीत ‘जुने’ नावाचा फोल्डर दुबार समजून मीच पुसला. चारही डिस्कनी हुकूम इमानेइतबारे पाळला. त्यात होत्या माझ्या दिवंगत आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि सासूबाईंची सोबाने पदं. ‘एल्ला होतेनु?’ सासूबाईंनी एवढंच विचारलं.

मेव्हण्यानं धारवाडला नेलेल्या पेनड्राइव्हवर पदं सापडली. ओवी मात्र एकच.

आता दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर नक्कल काढतो आणि वायर काढून ठेवतो. दुसरी डिस्क धारवाडला. ही माहेरी गेली की अदलाबदल. पण नक्कल उघडूनही बघावी लागते. परवा बघितली. ओवीच्या आधी आईचा खोकला आहे. तो कापू का, म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘ब्याड.’