आधी मिटून दाखवा

"आधी डोळे मिटून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. "घट्ट नको हं. दुपारी जरा पडल्यावर मिटता ना, तसे."

मी गेले होते डोळे उघडावेत म्हणून. वरच्या पापण्यांची कातडी सैल पडून केसांवर टेकली होती. वर्गात पोरं विचारायची, "बाई, झोप आली का?" फळ्याची वरची ओळ वाचायला भुवया उचलाव्या लागत आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागे. आईचंही असंच होतं; साठीनंतरच्या तिच्या फोटोत डोळे शोधावे लागतात. शिवाय चेहरा सतत दमलेला दिसतो हे मला खुपत होतं, तेही मी डॉक्टरांना सांगून टाकलं. 57व्या वर्षी बाईला आपला चेहरा बरा दिसावा असं वाटलं, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी मी आणखी एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे दहा मिनिटांत हातात आरसा दिला, वरच्या-खालच्या दोन्ही पापण्यांचं मिळून 'पॅकेज' सांगितलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीखही दिली. डोळे कोरडे पडतात का, कुणी विचारलं नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का, हेही नाही. मला ॲस्पिरिन चालू होती. त्या दहा मिनिटांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

या दुसऱ्या डॉक्टर मूळच्या नेत्रतज्ज्ञ, पुढे पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी डोळ्यावर बॅटरी धरली, बुबुळावर चमकलेल्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. ते साधारण 4 मिमी असतं. माझं तेवढं भरलं. म्हणजे पापणी उचलणारा स्नायू धड होता, जास्तीची होती ती नुसती कातडी. स्नायूच सैल झाला असेल तर ऑपरेशन वेगळं, आणि तिथे फक्त कातडी कापून काही साधत नाही. जुने फोटोही त्यांनी मागवले होते. पापणी वर्षानुवर्षं हळूहळू उतरली की अचानक, हे त्यांना बघायचं होतं. एकच पापणी एकाएकी पडली, एकाची दोन दिसू लागली किंवा डोकं भयंकर दुखू लागलं, तर तो सौंदर्याचा प्रश्नच नाही, तडक मोठं रुग्णालय गाठायचं, असं त्या मला दोनदा म्हणाल्या.

मग खालच्या पापणीच्या आत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटं बसवलं. अश्रूंनी पट्टी 10 मिमी किंवा जास्त भिजली तर ठीक. माझा उजवा डोळा 11, डावा 7. पापणी ही डोळ्याची पुसणी असते, ती पुरती टेकली नाही तर बुबुळ वाळतं, आणि आधीच कोरड्या डोळ्याला ते सोसत नाही. त्यामुळे दीड महिना नुसते थेंब घालायचे ठरलं. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "तो कातडीचा रंग आहे, तो कापून जात नाही." पॅकेजमधलं निम्मं काम तिथेच गळालं.

वरच्या बाजूचं किती दिसतं याची तपासणी दोनदा झाली, एकदा आहे तसं आणि एकदा पापण्या चिकटपट्टीने वर धरून. फरक पडला, पण थोडाच. नुसत्या रूपासाठीच्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे मेडिक्लेम मिळत नाही, आणि तेवढ्या फरकावर तो मागण्यात अर्थ नव्हता. पैसे मीच भरले.

ॲस्पिरिन हृदयाच्या डॉक्टरांना विचारून बंद केली. स्वतःच्या मनाने ती कुणीही थांबवू नये. लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही बंद, कारण त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. त्यांना मी औषधात धरतच नव्हते.

ऑपरेशनच्या दिवशी कातडीवर पेनाने रेघा मारल्या त्या मला बसवून. आडवं झालं की कातडी सरकते आणि माप चुकतं. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत किमान 20 मिमी कातडी राहिलीच पाहिजे, म्हणजे डोळा मिटतो. भुलीचं इंजेक्शन चांगलंच झोंबलं, पुढे फक्त ओढल्यासारखं वाटत होतं. मध्येच जळका वास आला तेव्हा पोटात गोळा आला. रक्तवाहिन्या बंद करताना येतो म्हणे. टाके पापणीच्या मूळच्या घडीतच लपले.

पहिल्या रात्रीची भीती त्यांनी आधीच सांगून ठेवली होती. फार क्वचित डोळ्यामागे रक्त साचतं आणि नजर जाऊ शकते. जोराची कळ आली, डोळा टणक होऊन पुढे आला किंवा दिसणं मंदावलं, तर सकाळची वाट बघायची नाही. लेकीने दर दोन तासांनी मला उठवलं. एक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख वाचायची, मग दुसरा. उशा तीन. गोठवलेले मटार स्वच्छ फडक्यात बांधून दोन दिवस थोड्या थोड्या वेळाने शेकलं. तिसऱ्या दिवशी चेहरा असा काळानिळा झाला की शेजारच्या वहिनी दारातच थबकल्या. पंधरवडाभर ना वाकून केर काढला, ना पाण्याची बादली उचलली. देवाला नमस्कारही उभ्यानेच.

टाके सातव्या दिवशी निघाले. सूज ओसरल्यावर आरशात पाहिलं तर डाव्या पापणीवर बारीक वळी उरली होती. डॉक्टरांनी ती मुद्दाम ठेवली होती, त्या 7 मिमीकडे बघून. जास्त राहिलेलं पुढे काढता येतं, कापून टाकलेलं परत लावणं महाकठीण. पहिले दोन दिवस मी ती वळी बोटाने चाचपत होते. आता ती मला आवडते.

पहिले काही दिवस झोपेत डावा डोळा किंचित उघडा राहायचा, म्हणून रात्री मलम भरून झोपत होते. लेक बॅटरी घेऊन बघून जायची. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री उजेड जाणवून मी जागी झाले, पण डोळे उघडले नाहीत. ती दारातून बाबांना हळूच सांगत होती, "मिटलेत. दोन्ही."