धुराड्याखालचा रविवार

आठवड्याची सुट्टी ही सूर्योदयासारखी आपोआप येते, असा आपला समज असतो. मुंबईत तरी ती तशी आलेली नाही. तिच्यासाठी माणसांना झगडावे लागले. आणि ज्या परिसरात ती माणसे राबली, झगडली, त्याच लोअर परळ-महालक्ष्मीच्या परिसरात आज निम्मी मुंबई आपली सुट्टी घालवावयास जाते. परगावचे पाहुणेही तेथील उपाहारगृहे, दुकाने आणि झगमगाट पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात. वाचकहो, या योगायोगाचा विचार आमच्या मनात बरेच दिवस घोळत आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडील माणसे तेथे आली. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याला हक्काची विश्रांती नाही. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ही स्थिती सरकारपुढे मांडली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या तर जीव कळवळतो : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सहा वर्षांनी, एप्रिल १८९० मध्ये, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता लोखंडे स्वतःच त्या रोगाला बळी पडले. ते साल होते १८९७.

आपल्या लोकांना ठाऊक असावे असे एक साम्य येथे नोंदवितो. महालक्ष्मीच्या त्या सभेनंतर जेमतेम वर्षभराने, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. न्याय्य वेतन, संघटनेचा हक्क आणि रविवारची विश्रांती यांची बाजू त्यात घेतलेली आहे. एकाला दुसऱ्याची वार्ताही नसेल. एक फुल्यांचा अनुयायी, दुसरा पेत्राचा वारस. पण दोघांचेही लक्ष थकलेल्या माणसाकडे होते. २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले तेव्हा त्यांनी लिओ हेच नाव घेतले, आणि त्या जुन्या परिपत्रकाची आठवण हे त्यामागील एक कारण असल्याचे स्वतःच सांगितले.

गिरणगावाचे आम्ही भाबडे गोडवे गाणार नाही. साचेखात्यातील आवाजाने कान जात, कापसाचे तंतू छातीत बसून दमा जडे. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-वीस पुरुष असत. परंतु त्याच वस्तीत खाणावळी चालविणाऱ्या बायका शेकडो परक्या मुलांना वेळेवर जेवू घालीत; प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांचेच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. भजनीमंडळे, शाहिरी, गावकीच्या बैठका तेथे होत्या. गिरणीच्या दारात टाकून दिलेल्या एका अर्भकाला तेथील एका कामगाराने घरी नेले. ते मूल पुढे कवी नारायण सुर्वे झाले. आणि रोज सकाळी फाटकाशी उभे राहणारे ‘बदली’ कामगार! आज काम मिळेल की रिकाम्या हाताने परतावे लागेल, हे मुकादमाच्या नजरेवर. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला समजावून सांगताना आम्हाला चौकात खोळंबलेली ती यहुदी माणसे दिसत नाहीत. हेच बदलीवाले दिसतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. पुढे आमच्या सेमिनरीच्या दिवसांत, दादर सोडून गाडी चर्चगेटकडे निघाली की खिडकीतून बिनधुराची धुराडी दिसत. तोवर जमिनीला सोन्याचा भाव आला होता. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच ग्राह्य धरली. फिनिक्स मिलमध्ये बाजारपेठ आली. कमला, तोडी, मथुरादास या आवारांत कचेऱ्या, खानपानगृहे, मद्यालये आली. फिनिक्सचे धुराडे तेवढे शोभेसाठी राखले आहे.

जुन्या भिंतीला नवे रूप देणे हे पाप नव्हे. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह चार घास चांगले खावेत यातही गैर काही नाही. पण माणसांचा हिशेब न ठेवता जागेचा कायापालट केला की काय होते, ते २०१७ ने दाखविले. गिरण्यांच्या काळातील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा अरुंद पादचारी पूल नव्या कचेऱ्यांची गर्दी पेलू शकला नाही. २९ सप्टेंबरला तेथील चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या आगीत १४ जण मृत्यू पावले. पहिल्या दुर्घटनेत कामावर निघालेली माणसे होती, दुसरीत करमणुकीसाठी आलेली.

हा विषय आमच्या उंबऱ्याशी आला तो अलीकडे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण त्याच भागातील एका दुकानात नोकरीला आहे. रात्री दहाला दुकान बंद होते. वसईला घरी पोहोचेस्तोवर मध्यरात्र उलटते. रविवार म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस, म्हणून त्याची सुट्टी मंगळवारी. त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, “फादर, पोरगा मिस्सा चुकवतो. तुम्हीच बोला त्याच्याशी.” आम्ही बोललो. तो शांतपणे म्हणाला, “फादर, मंगळवारी मला सुट्टी असते, पण घरात कुणी नसते नि देवळातही कुणी नसते. एकट्याने सुट्टी घेऊन करू काय?”

त्याच्या या प्रश्नाने लोखंड्यांच्या मागणीचा अर्थ आम्हाला उलगडला. त्यांनी सातांतील कोणताही एक दिवस मागितला नव्हता. त्यांनी सर्वांचा मिळून एक दिवस मागितला होता. रविवार हा खंडोबाचा वार, तसाच तो आपल्या प्रभूचा वार. त्या दिवशी बाप घरी असावा, शेजारी भेटावा, माणसाने माणसांत बसावे, हा त्याचा आशय. अंग विसावते ते कोणत्याही वारी. कुटुंब विसावते ते सर्वजण एकत्र असतील तेव्हाच. ज्या भूमीवर हा दिवस मिळविला गेला, तेथेच तो आता विकणाऱ्याचा एक आणि घेणाऱ्याचा एक असा फाटला आहे. दारावरचा पहारेकरी, ताटे उचलणारा पोऱ्या, स्वच्छतागृह पुसणारी बाई : आपला रविवार त्यांच्या खांद्यावर उभा असतो. त्यांत गिरणीकामगारांची नातवंडे असतील, आपल्या धर्मग्रामांतील लेकरे तर आहेतच.

घरांसाठी दीड लाखाहून अधिक गिरणीकामगारांनी व वारसांनी म्हाडाकडे अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघत आल्या. अर्जांच्या मानाने घरे थोडी, आणि वाट पाहतानाच कित्येकांनी डोळे मिटले. तो प्रश्न शासनदरबारी लढणाऱ्यांना आपण बळ द्यावे. आपल्या हाती आणखीही काही आहे. त्या परिसरात आपण जाऊ तेव्हा मुलांना ते धुराडे दाखवावे आणि लोखंड्यांचे नाव सांगावे. वाढणाऱ्या मुलाला, त्याची सुट्टी कोणत्या वारी असते, हे आपुलकीने विचारावे. त्या तरुणाच्या घरी, त्याच्या आईच्या पुढाकाराने, आता सणाचे जेवण मंगळवारी रात्री शिजते; मामा-मावश्या त्या रात्री येतात. आम्हीही एकदा जाऊन आलो. इतर कुटुंबांनी हे करून पाहावे, एवढेच सुचवितो.