देऊन टाकलेले राज्य

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला राजेशाहीविषयी अलिप्तपणे बोलणे अवघड जाते. १९०२ साली मागासलेल्या जातींसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवणारा राजा ज्या गावाला लाभला, त्या गावाने गादीला नावे तरी कशी ठेवावीत?

परवा वर्गात घटनात्मक राजेशाहीचा पाठ चालला होता. मी सवयीप्रमाणे इंग्लंडचे उदाहरण दिले. तोच एका मुलीने विचारले, "सर, आपल्याकडे असे कुठे घडलेच नाही का?"

मी औंधाचे नाव घेतले. बहात्तर गावांचे, जेमतेम पाऊण लाख वस्तीचे ते संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी लोकांच्या स्मरणात आहेत ते सूर्यनमस्कारांमुळे. परंतु त्यांचे खरे साहस निराळेच होते. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी घटना देऊन राज्यकारभार प्रजेच्या हवाली केला. घटनेला गांधीजींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते तिच्यासाठी खपले. गावची पंचायत हा पाया, तिच्यावर तालुका आणि त्यावर विधिमंडळ, अशी ती रचना होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपुरात कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचा प्रयोगही याच राज्यातला. त्यावरूनच आमच्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला.

आणि शेवट? ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढल्या वर्षी, १ मार्चला, कोल्हापूरही त्याच वाटेने गेले.

मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, "राज्य लोकांना देऊन टाकले होते ना? मग विलीनीकरणाच्या करारावर सही कोणाची?"

"राजांची," मी म्हणालो. आणि पुढे काय बोलावे ते मला सुचेना.

विलीनीकरण चुकले, असे मी म्हणत नाही. स्वतंत्र भारतात अशी बेटे टिकणे शक्य नव्हते आणि इष्टही नव्हते. तथापि गादीबरोबर बहात्तर गावांचे ते चिमुकले स्वराज्यही गेले. गावच्या पंचायतीला भारताच्या घटनेत भक्कम स्थान मिळायला पुढे १९९३ साल उजाडावे लागले. दान म्हणून मिळालेला अधिकार कितीही मनापासून दिलेला असो, त्याच्या कागदावर नाव दात्याचेच राहते. राजाने तो दिला, राजाच्या सहीने तो गेला.

त्या दिवशी घरी परतताना दसरा चौकातील शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी मी नेहमीप्रमाणे हात जोडले. आमचा राजा फार चांगला होता, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच आहे. पण तो तसा नसता, तर आपल्या हाती काय होते? हा प्रश्न मला माझ्या विद्यार्थिनीने विचारायला हवा होता काय? तो मी स्वतःच, तीस वर्षांपूर्वी, विचारावयास हवा होता.