एकोणतिसावा अध्याय पहिल्यापासून वाच

भुसावळ

प्रिय बाळा,


तुझं पत्र पोचलं. म्युच्युअल बदलीचा जोडीदार ऐनवेळी फिरला, इटारसीत मन रमत नाही, आणि एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुला जे वचन निघालं ते आता वाचवत नाही, असं लिहिलंस. यिर्मया 29:11. त्याचं कार्ड लॅमिनेट करून ड्युटीच्या बॅगेत ठेवलं होतंस, ते तू काढून ठेवलंस, हे वाचून मला झोप आली नाही.

बाळा, ते अभिवचन खरं आहे. पण ते एका लांब पत्रातलं एक वाक्य आहे, आणि तुला ते पत्र कुणी वाचून दाखवलंच नाही. आपल्याकडे वचनं कॅलेंडरवर, कार्डांवर सुटी सुटी येतात. यिर्मयाने आकडे घालून लिहिलं नव्हतं. नव्या करारातले वचनांचे आकडे तर 1551 साली रोबेर एत्येन या मुद्रकाने घातले. शोधायला आकडे फार सोयीचे, पण त्यांच्यामुळे मागचं-पुढचं सोडून वाचायची खोड आपल्याला लागली.

मागचं असं आहे. इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने यकन्या राजाला बाबेलला नेलं, आणि त्याच्याबरोबर यरुशलेमचे कारागीर आणि लोहारही नेले. म्हणजे वर्कशॉपमधली असतात तशी, हातात कसब असलेली माणसं. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. कुणाला आवडणार नाही असं ऐकायला? यिर्मया मात्र त्या लोकांना पत्र पाठवून सत्तर वर्षं सांगतो. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. तू ज्या वचनावर बोट ठेवलंस, त्याच्या लगेच आधीच्या दहाव्या वचनात ही सत्तर वर्षं आहेत.

आणि त्याच्याही आधी देव त्यांना काम सांगतो. घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हांला नेलंय त्याचं भलं व्हावं म्हणून झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना! सातवं वचन मी कधीच घाईने वाचू शकत नाही.

तुझे आजोबा नगरहून इथे रेल्वेत आले, तेव्हा त्यांनाही भुसावळ परकंच होतं. ना नात्याचं कुणी, ना हे ऊन सोसायची सवय. क्वार्टर रिटायरमेंटला सोडावं लागणार हे पक्कं ठाऊक असताना त्यांनी मागच्या अंगणात पेरू लावला, शेवगा लावला, आणि मोरीचं पाणी आळ्यापर्यंत जावं म्हणून स्वतः विटांची नाली बांधली. शेंगा अख्ख्या लाइनीत वाटल्या जात. रोज संध्याकाळी कुटुंब प्रार्थनेत ते तापीकाठच्या केळीवाल्यांसाठी, पावसासाठी, शेजारच्या घरातल्या आजाऱ्यासाठी नाव घेऊन मागत. शास्त्राचा अर्थ लावायला मी त्यांच्याकडून शिकले. एक अध्याय मोठ्याने वाचायचा, कुणी कुणाला का लिहिलं ते विचारायचं, आणि त्यातलं एक तरी काम दुसऱ्या दिवशी करायचं.

तू म्हणशील, मग हे वचन माझं नाहीच, दुसऱ्याला आलेलं जुनं पत्र आहे. तसं मी म्हणत नाही. ज्या देवाने त्यांना टाकलं नाही तो तुलाही टाकणार नाही, एवढा भरवसा त्यातून पुरेपूर घे. फक्त ते अख्ख्या समाजाला दिलेलं होतं आणि कामासकट दिलेलं होतं. त्यातून बदलीची तारीख काढणं म्हणजे हनन्याकडे जाणं. ‘अकरावं वचन धरा, महिन्याभरात ऑर्डर येईल’ असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याचं ऐकू नकोस.

रेव्हरंड टिळकांचं तुला ठाऊक आहे. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांना वाचताना पेन्सिलीने खुणा करायची सवय होती. ते पहिल्यापासून वाचत गेले, मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि पुस्तक त्यांच्याने सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंनी तर साध्या बायकांना शास्त्र स्वतः वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी केलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. इतक्या कष्टाने हाती आलेलं पुस्तक आपण चिठ्ठी उचलल्यासारखं उघडू नये.

म्युच्युअलसाठी दुसरा जोडीदार जरूर शोध, मीही इथे चौकशी करते. तोवर या रेस्टच्या दिवशी अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा, दोन्ही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाच. हातात पेन्सिल ठेव. रविवारी तिथल्या मंडळीत जा. उपासना हिंदीत असली तरी जा. आणि तुझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये कोण राहतं, त्यांच्या घरी काय अडचण आहे, हे मला पुढच्या पत्रात कळव. मला त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे.

तुझी,
आत्या