चढायची सवय

सिंहगड पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. एका दिवसात जाऊन येण्याजोगा असल्यामुळे पुणेकरांनी त्याला घरच्या माणसासारखे गृहीत धरले आहे. १६७० साली तानाजी मालुसरे जिथे धारातीर्थी पडले तो हा गड, हे सर्वांना ठाऊक असते. पण रविवारी गड चढणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांचेच विचार असतात. त्यात वावगे काही नाही. गड ज्याने त्याने आपापल्या कारणासाठी चढावा. आमच्या आईचे कारण मात्र आम्हा तिघा भावंडांना पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

आमच्या लहानपणी दर वर्षी, पावसाळा तोंडावर आला की आई आम्हाला आतकरवाडीच्या पायवाटेने गडावर नेत असे. सहलीचे नियम ठरलेले होते. पहाटेची बस पकडायची. प्रत्येकाने आपले ओझे आपणच वाहायचे. पिशवीत पाणी, गूळ-दाणे, कपड्यांचा एक जोड आणि घरचा पत्ता लिहिलेला कागद. एका दिवसाच्या सहलीला कपड्यांचा जोड कशाला, या प्रश्नाला ‘असू दे’ एवढेच उत्तर मिळे. वर पोहोचल्यावर ती घड्याळ पाही आणि लागलेला वेळ गेल्या वर्षीच्या वेळेशी ताडून बघे. मग देवटाक्याचे पाणी, भाकरी, कल्याण दरवाजा आणि दूरवर दिसणारे राजगड-तोरणा. गडाच्या उत्तरेकडून खडकवासल्याचा जलाशय दिसतो. त्या बाजूला मात्र ती फिरकत नसे.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही तिला पुन्हा गडावर नेले. ७३ व्या वर्षी तिच्या गुडघ्यांना पायवाट झेपणारी नव्हती, म्हणून मोटारीने वाहनतळापर्यंत गेलो. तिथून पुढच्या पायऱ्या ती दम घेत घेत चढली. एकामागून एक असे तिन्ही पुणे दरवाजे ओलांडल्यावर ती म्हणाली, “आज त्या बाजूला जाऊ या.” उत्तरेच्या कडेला एका दगडावर ती बसली. खाली पाणी उन्हात चमकत होते.

पानशेतचा पूर आम्हाला ऐकून माहीत होता. पुण्यातल्या जुन्या घरांत ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणनाच चालते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे, अजून पुरते बांधून न झालेले मातीचे धरण फुटले. धरण वाचवण्यासाठी लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून शर्थ केली होती; त्यामुळे फुटणे काही तास लांबले, एवढेच. त्या लोंढ्याने एकोणिसाव्या शतकातले खडकवासल्याचे दगडी धरणही त्याच दिवशी फोडले. नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. आई त्या वेळी नऊ वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. एवढे आम्हाला माहीत होते. पुढचे तिने त्या दिवशी सांगितले.

पाणी आल्याची ओरड झाली तेव्हा आजोबांनी आपल्या वृद्ध आईला पाठुंगळीला घेतले. आजीने तान्ह्या मामाला उराशी धरले. आईसाठी कोणाचाच हात मोकळा उरला नाही. आजोबांच्या धोतराचा सोगा धरून ती पर्वतीच्या दिशेने धावत राहिली. पर्वतीच्या पायऱ्यांवर तिचे पाय थकले, सोगा सुटला आणि गर्दी पुढे गेली. कोणीतरी तिला वर नेले, कोरडे काही नव्हते म्हणून गोणपाटात गुंडाळले आणि पत्ता विचारला. तिला तो सांगता येईना. रात्री उशिरा आजोबांनी तिला शोधून काढले.

“तुम्ही तिघं होतात,” पाण्याकडे पाहत ती म्हणाली, “आणि माझे हात दोनच. म्हणून तुम्हाला चढायची सवय लावली.”

आम्ही कोणीच काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने दही मागितले, आणि मडके रिकामे झाल्यावर ‘पूर्वी जास्त आंबट असायचं’ असा अभिप्रायही दिला.

दोन्ही धरणे पुढे पुन्हा बांधली गेली आणि पुणे आजही त्यांचेच पाणी पिते. आई रोज सकाळी नळ सोडते, तेव्हा घरात तेच पाणी येते. तिच्या मनातली धास्ती आमच्यापर्यंत करवंदांच्या जाळ्या, गूळ-दाणे आणि घड्याळाशी लावलेली शर्यत होऊन पोहोचली. तिने हे लहानपणीच सांगितले असते तर आम्ही गड चढलो असतोच, पण प्रत्येक पायरीवर मागे वळून पाहत.

आमच्या धाकट्या बहिणीने आता आपल्या मुलांच्या पिशवीत कपड्यांचा एक जोड ठेवायला सुरुवात केली आहे. मुले कारण विचारतात. तिची मुले आता मोठी आहेत, म्हणून ती ते सांगते.